पियानोच्या तारांत स्क्रू अडकवताना

मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या तारांमध्ये खोडरबराचा छोटा तुकडा दाबून बसवायचा आणि ती पट्टी वाजवायची. सूर जवळपास नाहीसा होतो आणि लाकडावर नख आपटल्यासारखा ‘टक्’ आवाज येतो. शेजारच्या पांढरी दोनच्या तारांत लाकूडकामाचा साधा स्क्रू अडकवला, तर कुठेतरी लांब पितळी थाळा वाजल्यासारखं ऐकू येतं. पट्ट्या त्याच, बोटं तीच, पण पियानोचा ओळखीचा आवाज गेला आणि त्याच्या जागी वेगळंच वाद्य आलं. इंग्रजीत याला ‘प्रिपेअर्ड पियानो’ म्हणतात. मराठीत अजून नाव नाही. मी ‘सजवलेला पियानो’ म्हणतो, आमच्या घरी त्याला ‘डबा वाजवणं’ म्हणतात.

हे करून बघायची हौस असलेल्यांसाठी, पहिल्यांदाच पियानोचं झाकण उघडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पियानो उत्तम वाजवता आलाच पाहिजे असं नाही. कान हवा, चिकाटी हवी आणि घातलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर काढायची शिस्त हवी. डिजिटल पियानो किंवा कीबोर्डवर यातलं काही होत नाही, कारण आत तारा नसतातच. तो उघडलात तर वॉरंटी जाईल, बाकी काही नाही.

हे आलं कुठून

फार मागे जायला नको, पण थोडं माहीत असलेलं बरं. मोरिस देलाज हा फ्रेंच संगीतकार १९१२ मध्ये भारतात आला होता. इथे ऐकलेल्या दाक्षिणात्य गाण्याचा त्याच्यावर इतका परिणाम झाला, की ‘रागमालिका’ नावाच्या आपल्या रचनेत त्याने पियानोच्या एका सुराच्या तारांखाली पुठ्ठा घालायला सांगितला. कशासाठी? तर भारतीय तालवाद्यासारखी थाप यावी म्हणून. म्हणजे या उद्योगाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला एक आपल्याच मृदंगाच्या नादाने झाला.

पुढे अमेरिकेत हेन्री कॉवेल या संगीतकाराने तारांवर थेट हात घातला. त्याच्या १९२५ च्या ‘द बॅन्शी’मध्ये वादक पियानोच्या पोटाशी उभा राहून तारा घासतो, छेडतो आणि दुसरा माणूस नुसता पेडल दाबून बसतो. कॉवेलचा शिष्य जॉन केज. १९४० मध्ये सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या नाचासाठी त्याला संगीत करायचं होतं. त्याला हवा होता तालवाद्यांचा ताफा, पण रंगमंचालगत जागा जेमतेम एका पियानोपुरती. केजने पियानोच्या तारांवर ‘पाय’ (pie) नावाचा पाश्चात्त्य खाद्यपदार्थ भाजायची पत्र्याची थाळी ठेवून पाहिली. आवाज आवडला, पण थाळी जागेवर राहीना, उड्या मारायला लागली. खिळा घातला, तो घसरला. मग स्क्रू आणि बोल्ट घातले. आट्यांमुळे ते तारांत धरून बसले. दार-खिडकीच्या फटी बुजवायची पट्टीही कामाला आली. त्या ‘बॅकनाल’ रचनेत फक्त १२ सूर सजवलेले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत ही पट्टीच आहे.

थाळी, खिळा, स्क्रू हा क्रम लक्षात ठेवा. पियानोत घालायच्या वस्तूची पहिली परीक्षा आवाजाची नसते. ती वाजवताना जागेवर राहते का, याची असते.

पियानो कुणाचा?

पियानो तुमचा स्वतःचा नसेल, तर आधी परवानगी. एका सभागृहात मी नीट समजावून सांगितलं, फेल्ट (दाबून केलेलं जाड लोकरी कापड) दाखवलं, रबर दाखवलं, तरी व्यवस्थापक ‘स्क्रू’ या शब्दाच्या पुढे गेले नाहीत. त्यांची चूक नव्हती. भाड्याच्या, शाळेच्या किंवा चर्चच्या पियानोला हात लावण्याआधी मालकाशी बोला आणि जमलं तर त्यांच्या पियानो ट्यूनरशीही, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराशीही. शिकायला सगळ्यात उत्तम म्हणजे जुना, थोडा बेसूर, कुणी फारसा वाजवत नसलेला पियानो. पण तारा गंजलेल्या असतील तर नको. गंजलेली तार ताण सहन करत नाही, आणि पियानोच्या सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात असतो. तार तुटली तर ती चाबकासारखी येते.

पियानोच नसेल तर जुनी, लोखंडी तारांची गिटार घ्या. दोन तारांमधून आइस्क्रीमची काडी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून ओवा आणि ब्रिजकडून (तारा टेकतात त्या घोडीकडून) पुढे पुढे सरकवत ऐका. वस्तूची जागा बदलली की आवाज कसा पालटतो, हे कळायला एवढं पुरतं.

आत काय आहे

ग्रँड पियानोचं झाकण उघडा आणि टॉर्च मारा. सुरुवातीला नुसतं बघा. पट्ट्यांच्या बाजूला खुंट्यांची रांग दिसेल. तिथून तारा निघतात. थोडं पुढे गेलं की तारांखाली हातोड्या आहेत, त्या खालून वर आपटतात. त्याच्याही पुढे तारांवर फेल्टचे ठोकळे बसलेले दिसतील. ते डँपर. पट्टी सोडली की ते तारेवर बसून आवाज बंद करतात. डँपरच्या पलीकडे तारेचा लांबलचक मोकळा भाग आणि शेवटी लाकडी ब्रिज. आपली बरीचशी कारागिरी या डँपर ते ब्रिज भागात चालते. डँपरला बोट लावायचं नाही. त्याची तार वाकली की तो सूर कायमचा गुणगुणत राहतो.

तारा मोजा. खर्जातल्या अगदी डावीकडच्या पट्ट्यांना एकेक जाड तार, तिच्यावर तांब्याचं वेष्टण. मग काही पट्ट्यांना दोन-दोन आणि मधल्या सप्तकापासून वर प्रत्येक पट्टीला तीन-तीन. ८८ पट्ट्यांना म्हणून २३० च्या आसपास तारा होतात. तीन तारांच्या सुरात डावीकडून १, २, ३ असे क्रमांक धरा. स्क्रू १ आणि २ च्या मध्ये घातला की २ आणि ३ च्या मध्ये, याने आवाज बदलतो. का, ते पेडलपाशी सांगतो.

काही घालण्याआधी एक दिवस नुसत्या हाताने घालवा. उजवं पेडल दाबून तारांवरून नख फिरवा, खर्जाची तार तळव्याने घासा. मग एका हाताने पट्टी वाजवत दुसऱ्या हाताच्या बोटाने ती तार वेगवेगळ्या जागी हलकेच स्पर्शा. बरोबर मध्यावर बोट आलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर शिटीसारखा निघतो. एक तृतीयांशावर त्याच्याही वरचा पंचम. सतार-गिटार वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. या जागा कुठे येतात ते बघून ठेवा, पुढे लागणार आहेत. काम झालं की तारा कोरड्या सुती कापडाने पुसा. घामाचा हात म्हणजे गंज, आणि पावसाळ्यात तो दोन दिवसांत दिसतो.

सामान

पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत लोहार चाळ असली तर अर्ध्या तासाचं काम आहे, नाहीतर कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान. दुकानदार “कशाला पाहिजेत?” विचारतोच. मी “पियानोला” म्हणालो, तर त्याने पियानोचे वेगळे स्क्रू येतात असं समजून आत शोधायला माणूस पाठवला होता.

घ्यायचं ते असं. मऊ वस्तू: खोडरबर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जाड फेल्ट, चामड्याच्या पट्ट्या, सुती चिंध्या. मधल्या वस्तू: आइस्क्रीमच्या काड्या, बांबूच्या कामट्या, जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचे तुकडे, पोस्टकार्डाइतका जाड कागद. कडक वस्तू: लाकूडकामाचे स्क्रू, आट्यांचे बोल्ट, त्यांना बसणारे आणि मुद्दाम सैल बसणारे असे दोन्ही नट, वॉशर. जाडीचा अंदाज म्हणून ३, ४ आणि ५ मिलीमीटरचे पाच-पाच स्क्रू आणा. कुठला बसेल ते तुमचा पियानो सांगेल. पितळी मिळाले तर उत्तम, कारण पितळ तारेच्या पोलादापेक्षा मऊ असतं.

हत्यारं थोडीच: प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर, लांब चिमटा, टॉर्च, फूटपट्टी, वही. शिवाय गॅरेजवाले वापरतात ती चुंबकाची काठी आणा, पडलेला लोखंडी स्क्रू ती उचलते. पितळी स्क्रूला ती काही करू शकत नाही, म्हणून पितळीला आधीच दोरा बांधा.

तारांच्या आसपासही आणायचं नाही ते: फेव्हिक्विक किंवा कुठलाही चिकट पदार्थ, तेल, पाणी, दात असलेले चिमटे आणि धारदार कड असलेला पत्रा. हातोड्यांच्या फेल्टला टाचण्या टोचून खणखणीत आवाज काढायची एक जुनी युक्ती आहे. ती करू नका, फेल्ट कायमचं खराब होतं. इथे जे करायचं ते सगळं उलटवता आलं पाहिजे.

पहिली वस्तू: रबर

मधल्या सप्तकातली एक पट्टी निवडा. समजा पांढरी एक. आधी ती तशीच वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा.

उजवं पेडल दाबा आणि दाबलेलं ठेवा. एकटे असाल तर जड पुस्तक ठेवा किंवा पाचर मारा. यामुळे सगळे डँपर वर उचलले जातात आणि तुमच्या धक्क्याने त्यांच्यावर आडवा जोर येत नाही. ही पायरी लोक कंटाळून गाळतात आणि मग ट्यूनरला बोलावतात.

खोडरबराचा साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि तारांमधल्या फटीपेक्षा किंचित जाड तुकडा कापा. डँपरच्या पलीकडे, चार-पाच बोटं अंतरावर तारा १ आणि २ च्या मध्ये तो वरून दाबून बसवा. पेडल सोडा. आधी हलकेच वाजवा, मग नेहमीच्या जोराने. तिसरी तार मोकळी असल्याने ‘टक्’च्या मागे बारीक सूर ऐकू येईल. तोही नको असेल तर रबराची लांब पट्टी तीन तारांतून ओवा: पहिलीच्या खालून, दुसरीच्या वरून, तिसरीच्या खालून.

आता तोच तुकडा ब्रिजकडे सरकवत न्या, एका वेळी एक सेंटिमीटर, आणि प्रत्येक जागी वाजवून ऐका. सूर हळूहळू परत येतो. कुठेतरी एक जागा सापडते जिथे थाप आणि सूर दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्या जागेचं डँपरपासूनचं अंतर वहीत लिहा. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना जो संयम लागतो, तोच इथे लागतो. केसभर इकडे की बंद, केसभर तिकडे की खुली.

स्क्रू

खरी गंमत इथे आहे, आणि पियानो बिघडायची शक्यताही इथेच.

पेडल दाबा. पाचर दोन तारांमध्ये हलकेच घालून फट किंचित वाढवा, स्क्रू सरळ उभा सोडा, पाचर काढा. तारा स्क्रूला दोन्ही बाजूंनी धरतात. स्क्रू फिरवत, आटे पाडत आत न्यायचा नाही. पिळलेला स्क्रू तारेवर कानशीसारखा चालतो. जोर लावावा लागत असेल तर स्क्रू जाड आहे. बोटाने हलवल्यावर डुगडुगत असेल तर बारीक आहे. फट फार ताणली गेली की तारांचा ताण वाढतो, आणि स्क्रू काढल्यावर तो सूर उतरलेला किंवा चढलेला सापडतो. लांबीही बघा. स्क्रूचं टोक खाली साउंडबोर्डला (तारांखालच्या मोठ्या लाकडी फळीला) टेकता कामा नये. खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या जातात, त्या भागात स्क्रूचं डोकं वरच्या तारेला लागतंय का तेही पाहा.

मग वाजवा. बहुतेकांना पहिल्यांदा हसू येतं.

हा घंटेसारखा आवाज येतो कुठून? तार कंप पावते तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे वरचे स्वरही निघतात. ते जवळजवळ पूर्ण पटीत असतात, म्हणूनच तार सुरेल लागते. स्क्रूच्या वजनाने ही पटींची घडी विस्कटते. उरतात ते वाकडेतिकडे उपस्वर, जसे घंटेत, थाळ्यात किंवा इंडोनेशियाच्या गमेलान या वाद्यमेळात असतात. तबल्यात नेमकं उलट घडतं. नुसत्या चामड्याचे उपस्वर पटीत नसतात. शाईचं वजन मध्ये बसवलं की ते पटीत येतात आणि पुडी सुरात बोलायला लागते. सी. व्ही. रामन यांनी आपल्या तालवाद्यांवर काम करून हे दाखवून दिलं. म्हणजे वजन लावून आपण चामडं सुरात आणलं आणि केजने वजन लावून तार सुरातून बाहेर काढली.

आता मघाशी बोटाने शोधलेल्या जागा आठवा. स्क्रू बरोबर मध्यावर किंवा एक तृतीयांशावर बसला की आवाज त्यातल्या त्यात शांत, स्वराशी नातं ठेवून असतो. तिथून अर्धा सेंटिमीटर बाजूला घ्या की तो खवळतो. दोन्ही चांगले, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

स्क्रू जमला की बोल्ट घ्या. त्याला एक घट्ट आणि त्याच्या वर एक सैल नट लावा, मध्ये एक वॉशर सोडा. वाजवताना वॉशर झणझणतो, घुंगरासारखा. हा आवाज लगेच आवडतो आणि लगेच कंटाळाही आणतो. आठ सुरांत एकापेक्षा जास्त झणझण नको, असं माझं मत आहे.

खर्ज आणि टीप

खर्जाच्या तारांत स्क्रू नको. तांब्याचं वेष्टण मऊ असतं, आट्यांनी ते सोलवटतं आणि ती तार बदलण्यावाचून इलाज राहत नाही. तिथे फेल्ट, रबर, कापड, बांबू. दोन शेजारच्या जाड तारांमध्ये चिंधीची घट्ट गुंडाळी दाबली की डग्ग्यासारखा ‘घुम्’ आवाज येतो. जाड कागदाची पट्टी तारांवर नुसती टेकवून ठेवली तर खर्ज खरखरतो, फाटक्या स्पीकरसारखा.

अगदी वरच्या दीड सप्तकाला डँपर नसतात, तारा वीतभर, फटी बारीक. तिथे बारीक रबर किंवा कागद घाला, बाकी काही बसत नाही. आवाज टिपऱ्यांसारखा येतो.

उभा पियानो असेल तर

आपल्याकडे घरांत बहुतेक उभे पियानोच असतात आणि माझाही तोच. वरचं झाकण उचला, आतल्या दोन खिट्ट्या फिरवल्या की समोरची फळी निघते. तारा उभ्या असल्याने तारांवर नुसतं ठेवलेलं काहीही टिकत नाही, सगळं फटीत अडकवावं लागतं. हातोड्या समोरून आपटतात आणि डँपर त्यांच्या खाली, यंत्रणेच्या मागे असतात. म्हणून वस्तू हातोड्यांच्या रेषेच्या वरच्या भागात घालायच्या. जागा थोडी मिळते, तारसप्तकात तर जवळजवळ नाहीच. पट्ट्यांखालची फळीही निघते आणि तिथे तारांचा खालचा भाग मोकळा सापडतो. जड बोल्ट तिथे लावावेत, पण पट्टी वाजवणारा आणि ऐकत सरकवणारा अशी दोन माणसं असली तर बरं.

उभ्या पियानोत वस्तू पडली की ती सरळ यंत्रणेत जाते. माझा एक नट असाच गेला. दोन पट्ट्या अर्ध्यावर अडकल्या, चुंबकाची काठी पोचेना. ट्यूनरकाका आले, अख्खी यंत्रणा बाहेर काढली, नट तळहातावर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, “चहा ठेवा.” तेव्हापासून प्रत्येक स्क्रूच्या डोक्याला रंगीत दोरा असतो आणि दोऱ्याचं दुसरं टोक चिमट्याने पियानोच्या कडेला.

पेडलची खुबी

ग्रँड पियानोचं डावं पेडल दाबलं की पट्ट्यांसकट सगळ्या हातोड्या किंचित उजवीकडे सरकतात. तीन तारांच्या सुरात मग तार १ सुटते आणि हातोडी २ व ३ वरच बसते. समजा स्क्रू २ आणि ३ च्या मध्ये आहे. पेडल न दाबता वाजवलं तर मोकळ्या तारेचा स्वच्छ सूर आणि स्क्रूचा घंटानाद दोन्ही एकत्र येतात. पेडल दाबून वाजवलं तर नुसता घंटानाद. एका पट्टीत दोन आवाज मिळाले. स्क्रू १ आणि २ मध्ये असेल तर हा फरक इतका स्पष्ट मिळत नाही. उभ्या पियानोचं डावं पेडल हातोड्या फक्त तारांजवळ आणतं, त्यामुळे तिथे ही खुबी नाही.

तीन पट्ट्यांचा तीनताल

पहिल्याच दिवशी सगळा पियानो सजवू नका. केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये ४५ सूर सजवायचे असतात आणि नुसत्या तयारीला दोन-तीन तास लागतात. ही रचना त्याने १९४६ ते १९४८ मध्ये केली. त्याच सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या. त्यांनी केजला आपलं संगीत शिकवलं आणि त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीत. कलाअभ्यासक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याला रससिद्धांत भेटला, आणि या २० तुकड्यांत नवरस मांडायचे असं त्याने ठरवलं. कुठला तुकडा कुठल्या रसाचा, ते मात्र सांगितलं नाही. मी बरेचदा ऐकून अंदाज बांधले, दर वेळी वेगळे आले.

तुम्ही तीन पट्ट्यांपासून सुरुवात करा. एक खर्जातली, कापड दाबलेली: हा डग्गा. एक मधली, रबर लावलेली, कोरडी ‘टक्’: हा ‘ता’. एक मधलीच, स्क्रू लावलेली: ही ‘तिं’. आता ‘ता’ आणि डग्गा एकत्र वाजवले की ‘धा’. ‘तिं’ आणि डग्गा एकत्र वाजवले की ‘धिं’. तीन पट्ट्यांत चार बोल झाले, आणि तबल्यावर ते असेच बनतात. लावा ठेका:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

खालीच्या विभागात ‘तिं’ आला की डावा हात उचलायचा, डग्गा आपोआप जातो. दहा-बारा आवर्तनं सावकाश वाजवा. देलाजने पुठ्ठा का घातला असेल, ते इथे कानाला पटतं. मग चौथी पट्टी न सजवता मोकळी ठेवा आणि सम आली की तिच्यावर एकच स्वर द्या. इतक्या टकटकीनंतर पियानोचा साधा सूर काय सुंदर लागतो, ते तेव्हाच कळतं. म्हणून सजवलेल्या पट्ट्यांच्या मध्ये मोकळ्या पट्ट्या राखून ठेवाव्यात.

वाजवताना जोर आवरा. हे आवाज मुळातच लहान आहेत, दणके दिले की वस्तू सरकतात. रेकॉर्ड करायचं असेल तर फोन तारांच्या वीतभर वर स्टँडवर लावा, तारांवर ठेवू नका.

वही

प्रत्येक सुरासाठी एक ओळ: पट्टी, कुठल्या तारांमध्ये, वस्तू, डँपरपासून अंतर, ऐकू काय येतं. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘मध्य पांढरी पाच, २–३ मध्ये, ४ मिमी पितळी स्क्रू, डँपरपासून ११.५ सेमी, भांड्यावर पळी.’ शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण हीच वही घेऊन दुसऱ्या पियानोकडे गेलात तर ११.५ ला पळी वाजणार नाही. तारांची लांबी वेगळी, फटी वेगळ्या. केज आपल्या तक्त्यांत डँपरपासूनची अंतरं इंचांत देत असे आणि तीच वस्तू त्याच जागी ठेवूनही दुसऱ्या पियानोवर वेगळा आवाज येतो, हे त्यालाही पुढे कळून चुकलं. आकड्याने जवळ जायचं, पुढचं कानाने.

काढताना

त्याच दिवशी काढा. विशेषतः जून ते सप्टेंबर, आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत असाल तर बाराही महिने. दमट हवेत लोखंडी स्क्रू तारेला टेकून राहिला की दोघांनाही गंज धरतो.

उजवं पेडल दाबा. पाचरीने फट किंचित उघडा, मग स्क्रू उचला. पाचर न लावता ओढून काढला की आटे तारेवरून खरवडत येतात. आधी स्क्रू-बोल्ट, मग रबर, शेवटी कापड. तारा पुसा. सगळ्या सजवलेल्या पट्ट्या एकदा वाजवून बघा आणि सुरुवातीच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. एखादा सूर किंचित हलला असेल तर ट्यूनरला सांगा आणि कशामुळे हलला तेही सांगा.

मग वस्तू टेबलावर ओळीने मांडून वहीशी मोजा. वहीत चौदा आणि टेबलावर तेरा असतील तर झाकण लावायचं नाही, पट्टी दाबायची नाही आणि पियानो हलवायचा तर मुळीच नाही. टॉर्च घ्या. हरवलेला नग बहुतेकदा वॉशर असतो आणि तो बहुतेकदा ब्रिजपलीकडे, साउंडबोर्डच्या धुळीत सापडतो.